डाखाऊ स्मृतिस्थळ : आकड्यांना पुन्हा नावे देणारे संग्रहालय

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील म्युनिक शहरापासून वायव्येस सुमारे सोळा किलोमीटर अंतरावर डाखाऊ हे एक जुने गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निसर्गचित्रकारांचे गाव म्हणून त्याची ख्याती होती. आज जगाला ते ठाऊक आहे ते तेथील छळछावणीमुळे. २२ मार्च १९३३ रोजी सुरू झालेली ही छावणी २९ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने मुक्त केली. या बारा वर्षांत चाळीसहून अधिक देशांतील दोन लाखांवर माणसे येथे व तिच्या उपछावण्यांत डांबली गेली आणि त्यांपैकी किमान ४१,५०० जण मृत्युमुखी पडले.

कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या इतिहासात डाखाऊला वेगळे स्थान आहे, कारण नाझी राजवटीने युरोपभरातून पकडलेल्या धर्मगुरूंना येथेच एकत्र कोंडले होते. तथापि, येथील स्मृतिस्थळ व संग्रहालय केवळ धर्मगुरूंचे नाही आणि ते आपोआप उभेही राहिले नाही. ते व्हावे यासाठी वाचलेल्या बंदिवानांना वीस वर्षे झगडावे लागले. छावणीचा, तेथील साक्षीदारांचा व त्यांची स्मृती जपणाऱ्या या संग्रहालयाचा परिचय वाचकांना व्हावा, म्हणून हा लेख.

छावणीची स्थापना

हिटलर ३० जानेवारी १९३३ रोजी सत्तेवर आला आणि दोन महिन्यांच्या आतच डाखाऊची छावणी उघडली गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात दारूगोळा तयार करणारा एक कारखाना गावाजवळ ओस पडला होता. त्या जागेची निवड म्युनिकचा तत्कालीन पोलीसप्रमुख हाइनरिख हिमलर याने केली. ही गोष्ट गुप्त नव्हती. छावणी सुरू होत असल्याची बातमी वृत्तपत्रांत रीतसर छापून आली होती.

पहिले बंदिवान हे राजकीय विरोधक होते. त्यांत कम्युनिस्ट, समाजवादी व कामगार पुढारी यांचा भरणा होता. १२ एप्रिल १९३३ रोजी चार ज्यू बंदिवानांना छावणीबाहेर नेऊन गोळ्या घालण्यात आल्या आणि ते पळून जात होते असे सांगण्यात आले. म्युनिकचे सरकारी वकील योसेफ हार्टिंगर यांनी या मृत्यूंची चौकशी करून छावणीच्या प्रमुखाविरुद्ध आरोप तयार केले. खटला उभा राहू शकला नाही, प्रमुख तेवढा बदलला गेला. कायद्याचे राज्य अजून पुरते संपले नव्हते तेव्हा एका अधिकाऱ्याने आपले कर्तव्य केले, याची नोंद मात्र राहिली आहे.

नवा प्रमुख थेओडोर आयके याने छावणीसाठी शिस्तीचे व शिक्षेचे नियम लिहून काढले. पुढे सर्व छळछावण्यांना तेच नियम लागू झाले, म्हणून इतिहासकार डाखाऊला छळछावण्यांची शाळा म्हणतात. आउश्वित्झचा प्रमुख रुडॉल्फ ह्यॉस याने आपले पहिले धडे येथेच घेतले. हिमलर व ह्यॉस हे दोघेही कॅथॉलिक कुटुंबांत वाढलेले होते, ही वस्तुस्थिती आपल्याला टाळता येणार नाही.

माणसाचा क्रमांक कसा होई

१९३७-३८मध्ये बंदिवानांकडूनच काम करून घेऊन छावणीचा विस्तार करण्यात आला. मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून ३४ बराकी उभ्या राहिल्या. नवा बंदिवान प्रथम एका मोठ्या खोलीत आणला जाई. तेथे त्याचे कपडे, कागदपत्रे, अंगठी, जपमाळ, कुटुंबाची छायाचित्रे असे सर्व काही काढून घेतले जाई. डोके भादरले जाई, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे दिले जात आणि एक क्रमांक मिळे. त्या घटकेपासून त्याला त्या क्रमांकानेच हाक मारली जाई. क्रमांकासोबत कपड्यावर रंगीत कापडी त्रिकोण शिवलेला असे. राजकीय बंदिवानांना लाल, गुन्हेगार ठरवलेल्यांना हिरवा, ‘समाजबाह्य’ ठरवलेल्यांना काळा, समलैंगिकांना गुलाबी व यहोवाच्या साक्षीदारांना जांभळा अशी विभागणी होती. ज्यूंच्या अंगावर पिवळा त्रिकोण जोडून तारा केलेला असे. हे त्रिकोण लक्षात ठेवावयास हवेत, कारण स्मृतिस्थळाच्या इतिहासात ते पुन्हा येणार आहेत.

नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीभर ज्यूंची सभास्थाने जाळली गेली. त्यानंतर काही दिवसांतच सुमारे अकरा हजार ज्यू पुरुष डाखाऊत आणण्यात आले. मालमत्तेवर पाणी सोडून देशत्याग करावा म्हणून त्यांना छळले गेले. बहुतेकांची काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सुटका झाली, पण तोवर कित्येक जण मरण पावले होते.

युद्धकाळातील गुन्हे

महायुद्ध सुरू झाल्यावर बंदिवान बहुसंख्येने परदेशी होऊ लागले. पोलिश, रशियन, फ्रेंच, युगोस्लाव, चेक, इटालियन असे नाना देशांचे लोक त्यांत होते. युद्धाच्या कायद्यांचा भंग करणारी जी कृत्ये येथे झाली, त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे :

१) सोव्हिएत युद्धकैद्यांची हत्या : १९४१-४२मध्ये चार हजारांहून अधिक सोव्हिएत युद्धकैद्यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. त्यांपैकी बहुतेकांचा शेवट छावणीपासून जवळच हेबर्ट्सहाउझेन येथील नेमबाजीच्या मैदानावर झाला. शरण आलेल्या सैनिकाला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय संकेत येथे पायदळी तुडवला गेला.

२) हार्टहाइमच्या गाड्या : कामास निरुपयोगी ठरलेल्या आजारी व वृद्ध बंदिवानांना १९४२पासून ऑस्ट्रियातील हार्टहाइम किल्ल्यात नेऊन विषारी वायूने मारण्यात आले. अशा बंदिवानांची संख्या २,५००हून अधिक होती. त्यांत तीनशेहून जास्त धर्मगुरू होते.

३) वैद्यकीय प्रयोग : हवाई दलासाठी डॉ. झिग्मुंड राशर याने बंदिवानांना विरळ हवेच्या कोठीत आणि बर्फाळ पाण्याच्या टाकीत ठेवून ते किती वेळ जगतात हे मोजले. प्रा. क्लाउस शिलिंग याने सुमारे १,१०० बंदिवानांच्या शरीरात हिवतापाचे जंतू सोडले. त्यांत पोलिश धर्मगुरूंची संख्या मोठी होती.

४) उपछावण्यांतील वेठबिगार : डाखाऊच्या अधिकाराखाली सुमारे १४० उपछावण्या होत्या. १९४४मध्ये काउफरिंग व म्यूलडॉर्फ येथील उपछावण्यांत सुमारे तीस हजार ज्यूंना आणून विमाने बनवण्याचे प्रचंड भूमिगत कारखाने बांधावयास लावले. उपासमारीने व श्रमाने हजारो माणसे तेथे मेली.

डाखाऊत विषारी वायूची कोठडी बांधण्यात आली होती. मात्र येथे त्या वायूने सामुदायिक हत्या झाल्याचा पुरावा नाही, असे संग्रहालय स्वतःच स्पष्टपणे सांगते. दुःख मोठे आहे म्हणून ते वाढवून सांगावयाचे नाही, हे पथ्य येथे कटाक्षाने पाळलेले दिसते.

धर्मगुरूंच्या बराकी

निरनिराळ्या छावण्यांत विखुरलेल्या धर्मगुरूंना एकत्र ठेवावे अशी मागणी ख्रिस्तसभेच्या वतीने जर्मन सरकारकडे करण्यात आली होती. त्यानुसार डिसेंबर १९४०पासून त्यांना डाखाऊत आणले जाऊ लागले. बराक क्र. २६, २८ व ३० त्यांच्यासाठी राखल्या गेल्या. एकंदर २,७२० धर्मसेवकांची नोंद आढळते. त्यांत २,५७९ कॅथॉलिक होते. उरलेले प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स व अन्य पंथांचे होते आणि दोन मुस्लिम धर्मसेवकही होते. मृतांची संख्या १,०३४ आहे. सर्वांत मोठा घाव पोलंडच्या ख्रिस्तसभेवर पडला. १,७८० पोलिश धर्मगुरूंपैकी ८६८ परत गेले नाहीत.

जानेवारी १९४१मध्ये बराक क्र. २६मधील एका खोलीत चॅपेल उघडण्यास परवानगी मिळाली. तेथे रोज मिस्साबळी होऊ लागला. परंतु सप्टेंबर १९४१पासून पोलिश धर्मगुरूंना त्या चॅपेलमध्ये पाऊल ठेवण्याची मनाई झाली. मग औषधी वनस्पतींच्या मळ्यात राबताना मातीत गुडघे टेकून, भाकरीचा कण व थेंबभर द्राक्षरस यांवर त्यांनी गुप्तपणे मिस्सा केली. त्या मळ्यात थंडीने, पावसाने व उपासमारीने असंख्य बंदिवान मेले.

धर्मगुरूंना काही काळ मिळालेल्या किरकोळ सवलतींमुळे इतर बंदिवानांच्या मनात कटुता उत्पन्न झाली होती, हेही नोंदवले पाहिजे. ती पुढे बरीचशी निवळली. डिसेंबर १९४४च्या सुमारास छावणीत टायफसची साथ पसरली. पहारेकऱ्यांनीही त्या बराकींत जाणे सोडले. तेव्हा रुग्णांची शुश्रूषा करण्यास कोण तयार आहे असे विचारले गेले आणि वीसच्या आसपास धर्मगुरू स्वेच्छेने पुढे आले. त्यांपैकी बहुतेक जण काही आठवड्यांतच दगावले.

काही साक्षीदार

संत टायटस ब्रान्ड्समा : नेदरलँड्समधील हे कार्मेलाइट धर्मगुरू नायमेखेन विद्यापीठात प्राध्यापक होते व कॅथॉलिक पत्रकारांचे आध्यात्मिक सल्लागार होते. नाझी पक्षाच्या जाहिराती कॅथॉलिक वृत्तपत्रांनी छापू नयेत, हा बिशपांचा आदेश घेऊन जानेवारी १९४२मध्ये ते एकेका संपादकाला प्रत्यक्ष भेटले. वृत्तपत्र बंद पडण्याची, नोकरी जाण्याची भीती प्रत्येक संपादकापुढे होती. १९ जानेवारी रोजी फादरांना अटक झाली. २६ जुलै १९४२ रोजी डाखाऊच्या रुग्णालयात विषारी इंजेक्शन देऊन त्यांना मारण्यात आले. इंजेक्शन देणाऱ्या परिचारिकेला त्यांनी आपली जपमाळ दिली होती. पुढे तिनेच त्यांच्या बाजूने साक्ष दिली. पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. त्याच सोहळ्यात आपल्या भारताचे पहिले प्रापंचिक संत देवसहायम यांनाही संत म्हणून घोषित करण्यात आले.

धन्य कार्ल लाइस्नर : हे तरुण जर्मन डीकन क्षयरोगाने आजारी होते. नोव्हेंबर १९३९मध्ये गेओर्ग एल्झर या सुताराने हिटलरवर बाँबहल्ला केला. हिटलर वाचल्याबद्दल लाइस्नर यांनी खेद व्यक्त केल्याची चहाडी झाली आणि ते पकडले गेले. डाखाऊत क्षयाने ते खंगत असताना क्लेरमाँ-फेराँ धर्मप्रांताचे फ्रेंच बिशप गाब्रिएल पिगे बंदिवान म्हणून तेथे आले. ज्यूंना आश्रय दिल्याबद्दल पिगे यांना पुढे इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने गौरविले. मळ्यातील दुकानात खरेदीच्या निमित्ताने येणाऱ्या जोसेफा माक या तरुणीने म्युनिकच्या कार्डिनलांचे परवानगीपत्र व पवित्र तैल लपवून आत पोहोचवले. १७ डिसेंबर १९४४ रोजी चॅपेलमध्ये गुप्तपणे गुरुदीक्षा झाली. नवदीक्षित धर्मगुरूने २६ डिसेंबर रोजी अर्पण केलेली मिस्सा ही त्यांच्या आयुष्यातील पहिली व अखेरची ठरली. १२ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९६मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले.

त्याच दिवशी धन्य घोषित झालेले बर्नहार्ड लिश्टेनबर्ग हे बर्लिनचे धर्मगुरू ज्यूंसाठी देवळात उघडपणे प्रार्थना करीत असत. डाखाऊला नेले जात असताना नोव्हेंबर १९४३मध्ये वाटेतच त्यांचे प्राण गेले.

धन्य एंगेलमार उन्त्साइटिग व धन्य स्टेफान फ्रेलिखोव्स्की : पहिले मारियानहिल संस्थेचे मिशनरी, दुसरे पोलंडचे तरुण धर्मगुरू. दोघांनीही टायफसग्रस्तांची सेवा केली. फ्रेलिखोव्स्की यांचे २३ फेब्रुवारी १९४५ रोजी, तर फादर एंगेलमार यांचे २ मार्च रोजी, वयाची चौतीस वर्षे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निधन झाले. छावणी मुक्त होण्यास तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.

भारताशी नाते

१३ सप्टेंबर १९४४ रोजी चार महिलांना डाखाऊत गोळ्या घालण्यात आल्या. ब्रिटिश गुप्त सेवेच्या वतीने फ्रान्समध्ये नाझींविरुद्ध कार्य करीत असताना त्या पकडल्या गेल्या होत्या. त्यांपैकी एक होती नूर इनायत खान. तिचे वडील हजरत इनायत खान हे बडोद्यात जन्मलेले संगीतकार व सूफी गुरू. बडोद्याच्या दरबारातील ख्यातनाम गायक मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. टिपू सुलतानाच्या वंशाशी या घराण्याचे नाते सांगितले जाते. नूर बिनतारी संदेशयंत्रणा चालवीत असे. तिचे सर्व सहकारी पकडले गेल्यावरही ती पॅरिसमध्ये एकटी काम करीत राहिली. अटकेनंतरच्या छळातही तिने कोणाचे नाव सांगितले नाही. १९४९मध्ये ब्रिटनने तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस दिला. दहनभट्टीच्या इमारतीत या चौघींच्या नावांचा फलक आहे.

मुक्ती आणि खटला

एप्रिल १९४५च्या अखेरीस सुमारे सात हजार बंदिवानांना दक्षिणेकडे पायी हाकलण्यात आले. वाटेत जे कोसळले त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. २९ एप्रिल रोजी अमेरिकन सैनिक डाखाऊत पोहोचले, तेव्हा मुख्य छावणीत तीस हजारांहून अधिक बंदिवान जिवंत होते. छावणीबाहेर उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यांत मृतदेहांचे ढीग होते. ते दृश्य पाहून संतापलेल्या काही सैनिकांनी शरण आलेल्या पहारेकऱ्यांनाही ठार केले.

नोव्हेंबर १९४५मध्ये त्याच आवारात अमेरिकन लष्करी न्यायालयापुढे खटला चालला. युद्धाचे कायदे व प्रघात यांचा भंग केल्याचा आरोप चाळीस जणांवर होता. सर्व दोषी ठरले. ३६ जणांना फाशीची शिक्षा झाली व त्यांपैकी २८ जणांच्या बाबतीत ती मे १९४६मध्ये अमलात आली. शिलिंग त्यांतील एक होता.

विस्मरणाची वीस वर्षे

खटला संपला, म्हणजे स्मृती जतन झाली असे नव्हे. १९४८मध्ये छावणी बव्हेरिया सरकारच्या ताब्यात आली. त्या वेळी चेकोस्लोव्हाकियातून हाकलले गेलेले हजारो जर्मन निर्वासित निवाऱ्याच्या शोधात होते. सरकारने बराकींत भिंती घालून त्यांची सोय केली. तेथे दुकाने निघाली, शाळा भरू लागली, मुले खेळू लागली. निर्वासितांची गरज खरी होती. परंतु ज्या जागी हजारो माणसे मेली, ती पाहता पाहता एक सामान्य वसाहत झाली. दहनभट्टीच्या इमारतीत वाचलेल्या बंदिवानांनी मांडलेले छोटे प्रदर्शन १९५३मध्ये काढून टाकण्यात आले. १९५५मध्ये तर ती इमारतच पाडून टाकावी अशी मागणी एका स्थानिक अधिकाऱ्याने केली. गावाची बदनामी होते, हे त्यामागचे कारण होते.

या विस्मरणाविरुद्ध उभे राहिलेल्यांमध्ये डॉमिनिकन धर्मगुरू लेओनार्ड रोट हे एक होते. ते स्वतः डाखाऊचे बंदिवान होते व टायफसच्या बराकीत त्यांनी सेवा केली होती. मुक्तीनंतर ते घरी परतले नाहीत. त्याच छावणीत कोंडलेल्या नाझी सैनिकांचे आणि पुढे निर्वासितांचे धर्मगुरू म्हणून ते तेथेच राहिले. स्मृतिस्थळ व्हावे व निर्वासितांना योग्य घरे मिळावीत, असा दुहेरी आग्रह त्यांनी धरला. त्यापायी त्यांचे चर्चमधील वरिष्ठांशीही मतभेद झाले. १९६०मध्ये त्यांचे निधन झाले. स्मृतिस्थळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९५५मध्ये वाचलेल्या बंदिवानांनी आपली आंतरराष्ट्रीय समिती पुन्हा उभी केली. फ्रान्स, बेल्जियम, पोलंड अशा अनेक देशांतील कम्युनिस्ट व कॅथॉलिक, राजकारणी व कामगार असे सर्व त्यात एकत्र आले. १९६०मध्ये दहनभट्टीच्या इमारतीत तात्पुरते संग्रहालय उघडले. अखेर ९ मे १९६५ रोजी, मुक्तीच्या विसाव्या वर्षी, स्मृतिस्थळाचे उद्घाटन झाले. पडझड झालेल्या बराकी काढून त्यांच्या पायांच्या खुणा राखल्या गेल्या व दोन बराकी नमुन्यादाखल नव्याने बांधण्यात आल्या.

आवारातील प्रार्थनास्थळे

छावणीच्या उत्तर टोकाला असलेले ‘ख्रिस्ताच्या प्राणांतिक वेदनांचे चॅपेल’ हे या आवारातील पहिले धार्मिक स्मारक. ते उभारण्यात म्युनिकचे साहाय्यक बिशप योहानेस नॉयहॉइस्लर यांनी पुढाकार घेतला. ते स्वतः चार वर्षे बंदिवान होते. ऑगस्ट १९६०मध्ये म्युनिक येथे आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेस भरली असताना या चॅपेलचे अभिषेचन झाले. हजारो यात्रिक त्यासाठी आले होते. त्यानंतरची युखरिस्टिक काँग्रेस १९६४मध्ये आपल्या मुंबईत भरली, हे जुन्या पिढीच्या वाचकांना आठवत असेल. ओबडधोबड दगडांचा हा गोल मनोरा समोरून उघडा आहे व वर काट्यांचा मुकुट आहे. येशूच्या मरणघटकेची आठवण म्हणून दुपारी तीनच्या सुमारास येथील घंटा वाजते.

चॅपेलमागे १९६४पासून कार्मेलाइट भगिनींचा मठ आहे. जुन्या पहारा मनोऱ्याखालून मठाच्या प्रांगणात जावे लागते. १९६७मध्ये प्रोटेस्टंट ‘समेटाचे चर्च’ व ज्यूंचे स्मारक ही दोन्ही उभी राहिली. प्रोटेस्टंट चर्च जमिनीखाली उतरत जाते आणि त्यात काटकोन कटाक्षाने टाळले आहेत, कारण छावणीची रचनाच काटकोनी होती. ज्यू स्मारकाच्या उताराच्या तळाशी काळोख आहे व छताच्या फटीतून प्रकाश येतो. १९९५मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चॅपेलची भर पडली.

आजचे संग्रहालय

ज्या दगडी इमारतीत पूर्वी स्वयंपाकघर, धुलाईघर व नवागतांची नोंदणी होती, तेथेच मुख्य संग्रहालय आहे. २००३मध्ये पूर्ण झालेली सध्याची मांडणी बंदिवानाच्या मार्गाने जाते. त्याला जेथून आत आणले, जेथे त्याचे कपडे काढले, जेथे त्याला क्रमांक दिला, त्याच खोल्यांतून प्रेक्षक त्याच क्रमाने जातो. भिंतींवर दस्तऐवज, छायाचित्रे, बंदिवानांनी लपवून काढलेली चित्रे आहेत. पेट्यांत त्यांच्याकडून काढून घेतलेल्या वस्तू आहेत. भडक देखावे नाहीत. एका माणसाचे पत्र, त्याचे छायाचित्र व त्याचे पुढे काय झाले याची दोन ओळींची नोंद, एवढ्यावरच भर आहे. बाहेर हजेरीचे विस्तीर्ण मैदान, कोठड्यांची इमारत, बराकींच्या क्रमांकित खुणा आणि दहनभट्ट्या पाहावयास मिळतात.

मैदानावर नांडोर ग्लिड या युगोस्लाव शिल्पकाराचे काळ्या ब्राँझचे स्मारक आहे. काटेरी तारांत अडकलेल्या कृश देहांचे हे शिल्प १९६८मध्ये उभारले. ग्लिड यांचे वडील व इतर आप्त नाझींच्या अत्याचारात बळी पडले होते. जवळच एका अनाम बंदिवानाची रक्षा ठेवलेली असून ‘पुन्हा कधीही नको’ हे शब्द अनेक भाषांत कोरले आहेत.

‘श्रमाने मुक्ती मिळते’ हे खोटे वचन मिरवणारा प्रवेशद्वाराचा लोखंडी दरवाजा २ नोव्हेंबर २०१४च्या पहाटे, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनी, चोरीस गेला. दोन वर्षांनी तो नॉर्वेत सापडला. २०१७पासून तो संग्रहालयात आहे व प्रवेशद्वारी त्याची प्रतिकृती बसवली आहे.

कोणाची आठवण ठेवावयाची?

ग्लिड यांच्या स्मारकाजवळच त्यांचे दुसरे शिल्प आहे. साखळीच्या कड्यांत गुंफलेले रंगीत त्रिकोण त्यात दिसतात. ते बंदिवानांच्या बंधुत्वाचे प्रतीक आहे. पण त्यात हिरवा, काळा व गुलाबी त्रिकोण नाही. राजकीय कारणांसाठी वा श्रद्धेसाठी पकडलेल्यांनाच त्या काळी खरे बळी मानले जाई. वाचलेल्यांच्या समितीनेही गुन्हेगार, भटके, भिकारी व समलैंगिक म्हणून डांबलेल्यांना आपल्या साखळीत घेतले नाही. १९८५मध्ये गुलाबी त्रिकोणाचा स्मृतिदगड तयार झाला. त्याला संग्रहालयात जागा मिळाली नाही, तेव्हा समेटाच्या चर्चने तो आपल्याकडे ठेवून घेतला. दहा वर्षांनी, १९९५मध्ये, तो संग्रहालयाच्या स्मरणकक्षात आला. काळ्या व हिरव्या त्रिकोणवाल्यांना तर जर्मन संसदेने फेब्रुवारी २०२०मध्ये, पंचाहत्तर वर्षांनी, बळी म्हणून मान्यता दिली. कोणीही न्याय्यपणे छळछावणीत नव्हता, असे संसदेने म्हटले.

संग्रहालयाने ग्लिड यांचे शिल्प बदललेले नाही. जे तीन रंग त्यात नाहीत, त्यांचे कारण मात्र तेथे सांगितले जाते. स्मृती जपणारी माणसेही कोणाला तरी वगळतात, हा धडाही त्यामुळे प्रदर्शनाचा भाग झाला आहे.

कॅथॉलिक वाचकाने येथे थोडे थांबावे. आपल्या धर्मगुरूंची व धन्य घोषित झालेल्यांची नावे आपण आदराने घेतो आणि ते योग्यच आहे. ख्रिस्तसभेकडे त्यांच्या नोंदी होत्या, शिष्य होते, धर्मबंधू होते, म्हणून त्यांचे जीवन लिहिले गेले. हेबर्ट्सहाउझेनच्या मैदानावर मेलेल्या रशियन शेतकऱ्यासाठी किंवा काउफरिंगमध्ये संपूर्ण कुटुंबासह संपलेल्या ज्यू कामगारासाठी असे लिहिणारे कोणी उरले नव्हते. फादर एंगेलमार टायफसच्या बराकीत ज्यांची सेवा करीत होते, त्यांत रशियन बंदिवान मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्याशी बोलता यावे म्हणून ते रशियन भाषा शिकले होते. त्यांची स्मृती जपावयाची तर ज्यांच्यासाठी ते मेले त्यांची स्मृती वेगळी काढता येत नाही.

नावांची नोंद

मृतांची नावे शोधण्याचे काम संग्रहालयाने अनेक वर्षे केले. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मरणग्रंथात ३३ हजारांहून अधिक मृतांची नावे, जन्मतारखा व मृत्यूच्या तारखा आहेत. किमान ४१,५०० मृतांशी ताडून पाहिले असता आठ हजारांच्या आसपास माणसे अद्याप नावाविना आहेत, असे दिसते. मारलेल्या सोव्हिएत युद्धकैद्यांची नोंद छावणीने मुद्दामच ठेवली नव्हती. रशिया, बेलारूस, युक्रेन येथील दफ्तरे उघडल्यावर त्यांतील अनेकांची ओळख पटली आणि हेबर्ट्सहाउझेनच्या मैदानावर आता त्यांची नावे वाचावयास मिळतात.

२९ एप्रिल हा मुक्तीचा दिवस. पोलंडची ख्रिस्तसभा तो दुसऱ्या महायुद्धात हुतात्मा झालेल्या आपल्या धर्मगुरूंचा स्मरणदिन म्हणून पाळते. डाखाऊत त्या सुमारास सर्व पंथांच्या प्रार्थना होतात. वाचलेले बंदिवान आता फारसे उरलेले नाहीत. डाखाऊच्या जर्मन धर्मगुरूंपैकी अखेरचे, फादर हेरमान शायपर्स, २०१६मध्ये १०२ वर्षांचे होऊन वारले.

भेट देऊ इच्छिणाऱ्यांसाठी

युरोपातील तीर्थयात्रांच्या निमित्ताने किंवा नोकरी-शिक्षणासाठी आपले अनेक बंधुभगिनी म्युनिकला जातात. तेथून उपनगरी रेल्वेच्या एस-२ मार्गाने डाखाऊ स्थानक व पुढे ७२६ क्रमांकाची बस, असा प्रवास आहे. प्रवेश विनामूल्य आहे. सर्व पाहण्यास किमान अर्धा दिवस हाताशी ठेवावा. लहान मुलांना प्रदर्शनात नेऊ नये. घाई असेल तर निदान स्मरणग्रंथापाशी थांबावे, कोणतेही पान उघडावे आणि त्यावरील एक नाव, ते कोणत्याही देशाचे वा धर्माचे असो, वाचून त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करावी.